काळा कोट आणि आपली घरं: शिरूर-दौंडच्या मुलामुलींसाठी वकिलीची वाट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण शिरूरच्या बाजारातही ऐकू येते आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतही. पक्षकाराला हा सल्ला ठीक आहे. पण आपल्या घरांत तो मुलांच्या शिक्षणालाही लावला जातो. बारावी झाली की आयटीआय, डी.फार्म, नाहीतर रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी. पोरगी हुशार असेल तर नर्सिंग किंवा बी.एड. वकिलीचं नाव कुणी काढलंच, तर घरातलं मोठं माणूस विचारतं, "तिथं आपलं कोण आहे?"

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपण समजतो त्यापेक्षा बरंच चांगलं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत वकिलीचं दार उघडणारे काही महत्त्वाचे निर्णय झाले. आपल्या तालुक्यांतल्या किती पालकांपर्यंत ते पोहोचले, याबद्दल आम्हाला शंका आहे. म्हणून हा लेख.

कोर्टात आपलं काम किती पडतं

पुणे-नगर रस्ता शिरूर तालुक्यातून जातो आणि पुणे-सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातल्या यवत, पाटस, कुरकुंभवरून. म्हणजे अपघात आले, आणि अपघातामागून नुकसानभरपाईचे दावे. जमिनीचे भाव वाढले, तसे वाटपाचे आणि सातबाऱ्यावरच्या नावांचे वाद आले. चेक न वटल्याची प्रकरणं, भाडेकरूचे दावे, कामगारांचे खटले हे तर रोजचंच. शिरूर आणि दौंड दोन्हीकडे तालुका न्यायालय आहे. खटला मोठा झाला की बारामतीची किंवा पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाची वाट धरावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात येत नाही. आपल्याला अजून मुंबईच गाठावी लागते.

यात काही कामं अशी आहेत की त्यांतली भाषा आणि रिवाज वकिलाला आतून ठाऊक असले तर फरक पडतो. कब्रस्तानची हद्द, मशिदीची इनाम जमीन, दर्ग्याच्या ट्रस्टची नोंद. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली, जूनमध्ये उम्मीद पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची कागदपत्रं सहा महिन्यांत चढवायला सांगितलं गेलं. मालमत्ता छोट्या गावातली, मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, आणि जुना कागद वाचून त्याचा कायदेशीर अर्थ सांगणारं माणूस जवळ नाही, अशी अडचण तेव्हा मुतवल्लींपुढे आली.

दुसरी गोष्ट बायकांच्या खटल्यांची. मेहेर, खुला, तलाक, इद्दतीनंतरचा खर्च हे सगळं अनोळखी पुरुष वकिलासमोर बसून सांगणं किती बाईला जमतं? आणि सांगितलं तरी समोरच्याला ते समजायला हवं. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात म्हटलं, की नुसतं 'तलाक दिला' असं कोर्टात लिहून देणं पुरेसं नाही; कारण, समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक सिद्ध करावा लागतो. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हेच सांगितलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला १९८६ च्या कायद्याबरोबरच फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १४४ झालं आहे. पहिला निकाल तर आपल्याच महाराष्ट्रातल्या घरातून गेलेला. तो ठाऊक असलेली वकील मुलगी तालुक्याच्या कोर्टात उभी असेल, तर एखाद्या बाईची दोन-तीन वर्षं वाचतात.

आणि मग वाईट दिवस. १ ऑगस्ट २०२५ ला यवतमध्ये तणाव उसळला, जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. अशा वेळी कुठल्याही समाजाचं घर असो, पहिला शोध वकिलाचा असतो. काही ठिकाणी वकील संघटना 'अमक्या आरोपीचं वकीलपत्र घेऊ नये' असे ठराव करतात. तसा ठराव बेकायदा आहे, हे लक्षात ठेवा. ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात ६ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव रद्दबातल आहेत, असं सांगितलं. गंमत बघा, त्या खटल्यात कोइम्बतूरच्या वकिलांचा ठराव पोलिसांच्या विरोधात होता आणि पोलिसांशी भांडण झालेले रफी स्वतः वकील. तरीही कोर्ट म्हणालं की पोलिसांनाही वकील मिळालाच पाहिजे.

मुस्लिम पक्षकाराला मुस्लिमच वकील हवा, असं आमचं म्हणणं नाही. आपली कामं आजवर सगळ्या समाजांच्या वकिलांनी केली आहेत, पुढेही करतील. म्हणणं इतकंच, की बाररूममध्ये गावातल्या सगळ्या वस्त्यांची मुलं बसलेली असावीत, आणि आपलीही असावीत.

आपलं तिथं कोण होतं

मुंबई उच्च न्यायालयातले पहिले भारतीय बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. १८६७ साली त्यांनी तिथे वकिली सुरू केली, १८९५ मध्ये ते न्यायाधीश झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, आधीचे जामीन अर्ज फेटाळले गेले. जामीन दिला तो न्यायमूर्ती तय्यबजींनी. स्वातंत्र्यानंतर १९४७ ते १९५८ या काळात एम. सी. छागला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली, १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. कोकणातले अ. र. अंतुले बॅरिस्टर होते, पुढे मुख्यमंत्री झाले.

ही नावं आपण अभिमानाने घेतो. पण यातली बरीचशी मंडळी बऱ्या परिस्थितीतल्या घरांतून आली आणि विलायतेत शिकली. रेल्वेतल्या खलाशाच्या किंवा फळविक्रेत्याच्या मुलाला त्यांच्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट जास्त जवळची वाटेल. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले, तेव्हा वकिलीची सनद काढायलाही त्यांच्याकडे पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. ज्या माणसाने पुढे देशाची घटना लिहिली, तो सनदीच्या फीपाशी अडला होता.

आजची स्थिती आकड्यांत पाहू. केंद्रीय कायदा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून देशातल्या उच्च न्यायालयांत ७१५ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे २२, जमातींचे १६, ओबीसी ८९ आणि सगळे अल्पसंख्याक मिळून ३७. स्त्रियांचं पाहिलं तर २०२२ च्या सरकारी आकड्यांत नोंदणीकृत वकिलांमध्ये त्या १५ टक्क्यांच्या आसपास होत्या. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अहवालात जिल्हा पातळीवरच्या न्यायाधीशांमध्ये त्यांचं प्रमाण ३६.३ टक्के आणि उच्च न्यायालयांत १३.४ टक्के आहे. या आकड्यांतून आम्ही एक गोष्ट वाचतो. खालच्या न्यायालयात प्रवेश मुख्यतः परीक्षेने होतो, वर ओळखी आणि शिफारशी जास्त चालतात. जिथे परीक्षा आहे तिथे मुली पुढे गेल्या. आपल्या मुलांसाठीही हीच वाट आधी धरण्यासारखी आहे.

प्रवेश आणि कागद

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो. खुल्या गटाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. वयाची अट नाही, त्यामुळे लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या मुलींनाही तीन वर्षांचा मार्ग मोकळा आहे.

कॉलेजचा विचार अंतर पाहून करावा. दौंडच्या मुलांना पुणे आणि बारामती दोन्हीकडे रेल्वे आहे, पास काढून जाता येतं. बारामतीला विद्या प्रतिष्ठानचं वसंतराव पवार लॉ कॉलेज आहे. शिरूरला रेल्वे नाही; एसटीने एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला अहिल्यानगरचं न्यू लॉ कॉलेज. पुण्यात १९२४ पासूनचं आयएलएस आहे. कॅम्पात आझम कॅम्पसचं ए.के.के. न्यू लॉ अकॅडमी आहे, तिथे अल्पसंख्याक कोट्याच्या जागा असतात. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित संस्थांनी प्रवेश कसे द्यायचे, यावरचा २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा सात न्यायाधीशांचा निकाल ज्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखला जातो, ते याच संस्थेचे.

आता खरी मेख. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा, आणि गटाचा दाखला हवा. आपली घरं इथेच मागे पडतात. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, नदाफ अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना खरेदीखताचा कागद, यांत कुठेतरी जमातीचं नाव सापडतं. शोधायला वेळ लागतो, पडताळणी समितीकडे त्याहून जास्त. मुलगी अकरावीत असतानाच हे काम हाती घ्या.

शेख, सय्यद, पठाण अशी आडनावं असलेल्या आणि ओबीसीत न बसणाऱ्या घरांनी तहसील कार्यालयातून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. मुस्लिमांना हा दाखला मिळत नाही, असा एक गैरसमज आहे. मिळतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची राज्य शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून भरता येते, ती मुलांनाही आहे.

साडेसातशे रुपये

पदवी झाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. इथे मोठा बदल झाला आहे. १९६१ च्या वकील कायद्यात नोंदणीची फी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये लिहिलेली आहे. प्रत्यक्षात वेगवेगळी नावं देऊन राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. गुजरातमध्ये २५ हजार, ओडिशात ४२ हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. मुद्रांक शुल्क सोडलं तर कायद्यातल्या रकमेपेक्षा एक पैसाही जास्त घेता येणार नाही. जास्तीची फी ही वंचित घरांतल्या मुलांना बाहेर ठेवणारी भेदभावाची रीत आहे, असा त्या निकालाचा गाभा आहे. नवल भथेनांची मदत आठवली की या निकालाचं मोल कळतं. आता कुणी 'इतर खर्च' म्हणून जादा रक्कम मागितली, तर पावती मागा आणि निकालाचं नाव सांगा.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती मराठीतूनही देता येते, मूळ कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

खरी अडचण इथून पुढे

मुलं कॉलेजातून गळतात त्याहून जास्त सनद मिळाल्यानंतर गळतात, असं आमचं मत आहे. पहिली तीन वर्षं ज्युनियरची. सकाळी सीनियरच्या ऑफिसात कागद लावायचे, अकराला कोर्टात तारखा घ्यायच्या, नकलेचे अर्ज करायचे, रोजनामा पाहायचा, संध्याकाळी मसुदे लिहायचे. पैसे? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे दिवसा कंपनी आणि संध्याकाळी कोर्टाचं काम, हा मार्ग बंद.

ज्याच्या वडिलांचं ऑफिस आहे, तो ही वर्षं काढतो. ज्याला घरी दर महिन्याला काहीतरी द्यावंच लागतं, तो काळा कोट घडी करून ठेवतो आणि रांजणगावला सुपरवायझर होतो. त्यात आता २० मे २०२५ च्या निकालाची भर. सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. कोर्ट कधी न पाहिलेला पोरगा थेट न्यायाच्या खुर्चीवर बसू नये, हे कारण समजण्यासारखं आहे. पण परीक्षेची जी वाट मुलींना आणि गरीब घरांना उपयोगी पडत होती, तिच्यापुढे ही तीन वर्षं उभी राहिली. तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून ती मोजली जातात, म्हणून नोंदणीत एक महिनाही घालवू नका.

इथे जमातीने काहीतरी करायला हवं. आपल्याकडे मशिदीच्या बांधकामाला, इज्तेमाला, लग्नाला वर्गणी जमते. तालुक्यातल्या दोन ज्युनियर वकिलांचा तीन वर्षांचा एसटी पास, पुस्तकं आणि महिन्याचा थोडा खर्च उचलणं त्या मानाने फार नाही. जकातीतून देता येईल का, हे आपल्या उलेमांना विचारा. वर्गणीतून तर नक्कीच येतं. आणि बारमधल्या ज्येष्ठांना, मग ते कुठल्याही समाजाचे असोत, भेटून सांगा की आमचा मुलगा कामाचा आहे, त्याला जवळ घ्या. सीनियर मिळणं ही बहुतेक वेळा ओळखीची गोष्ट असते. ओळख करून देण्याचं काम मोठ्यांनी करायचं.

भाषेबद्दल एक शब्द. १९९८ पासून राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलांनी मराठी लिहिण्याची सवय ठेवली नाही, तर दावा आणि कैफियत लिहिताना ती अडतात. उलट ज्याला मराठी चांगली येते आणि उर्दू वाचता येतं, त्याच्या हातात जुने निकाहनामे आणि वक्फचे कागद आपोआप येतात.

मुलींच्या बाबतीत विचारलं जाणारं

"ओढणी, बुरखा चालेल का?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. बार कौन्सिलच्या नियमांत स्त्री वकिलांसाठी पांढरी पट्टी आणि काळा कोट यांच्यासोबत साडी, सलवार-कुर्ता, पांढऱ्या किंवा काळ्या ओढणीसह वा ओढणीशिवाय, तसंच पारंपरिक पोशाखही लिहिलेला आहे. चेहरा झाकून मात्र वकील म्हणून उभं राहता येत नाही. जम्मू-काश्मीर आणि लडाख उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांच्या आधारे हे स्पष्ट केलं.

दुसरा प्रश्न, "लोक काय म्हणतील?" केरळच्या पत्तनमतिट्टाच्या एका सरकारी नोकराने मुलीला विज्ञान सोडून कायदा शिकायला पाठवलं. १९५० साली त्या मुलीने वकिलीची नोंदणी केली. १९५८ मध्ये ती मुन्सिफ झाली, म्हणजे आजच्या भाषेत तालुका न्यायाधीश. आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, कुठल्याही धर्मातल्या स्त्रियांत पहिल्या. २०२३ साली त्यांचं निधन झालं.

ज्यांना लगेच पदवीकडे वळता येत नाही, त्यांच्यासाठी एक लहान दार आहे. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समिती असते. तिच्यासाठी विधी स्वयंसेवक निवडले जातात, त्यांना वकील असावं लागत नाही. लोकांना अर्ज लिहून देणं, मोफत वकील मिळवून देणं, लोकअदालतीची माहिती सांगणं अशी कामं असतात. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, फोन नंबर १५१००. आपल्या वस्तीतली एखादी बारावी झालेली सून हे काम उत्तम करू शकते, आणि वर्षभरात तिला स्वतःलाच लॉ करावंसं वाटू लागलं तर नवल नाही.

आणि कोर्ट बघायला परवानगी लागत नाही. बंद दाराआडची काही प्रकरणं सोडली तर सुनावणी खुली असते. सुट्टीत एखाद्या कामाच्या दिवशी मुलाला किंवा मुलीला घेऊन शिरूरच्या किंवा दौंडच्या कोर्टात जा. फोन बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा, आणि अकरा ते एक काय चालतं ते तिला नुसतं पाहू द्या.